गोलातले जॉबरमामा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या चाळीतल्या जॉबरमामांचे. दोन्ही पाय रोवून, हात पसरून ते म्हणत, “हितनं न्हाय!” गिरणीच्या हॉकी संघाचे ते गोलकीपर, म्हणून ही सवय असावी. मांजर स्वयंपाकघराकडे वळले तरी तोच पवित्रा, तेच शब्द.

वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई मला घेऊन गिरणीच्या फाटकाशी गेली. कामावर माणूस लावणे जॉबरच्या हातात असे. मामांनी मला पाहिले आणि पाय रोवले.

“अक्का, हितनं न्हाय. पोराला शाळेत घाला.”

“आन् आमी खायचं काय? तुमचं शहाणपण?”

ती पुन्हा पुन्हा गेली. मामा हलले नाहीत. शेवटी तिने विड्या वळून मला शिकवले, पण मामांशी बोलणे टाकले. मी बी. ए. झालो, आफ्रिकेत मोंबासाला कचेरीत लागलो, तरी अबोला सुटला नाही. “पोर शिकलं ते माज्या विड्यांवर,” ती म्हणे. तेही खरेच होते.

पहिल्या रजेवर सोलापूरला आलो, तेव्हा पुण्याहून पलटणीचा संघ गिरणीशी खेळायला आला होता. मी आईला हट्टाने नेले. दोरीपाशी बायकांत ती मैदानाकडे पाठ करून बसली.

तुम्ही हॉकी लांबून पाहिली असेल. एकदा दोरीपाशी उभे राहा. स्टिकवर आदळलेली स्टिक छातीत वाजते, आणि चेंडूच्या आधी धूळ दिसते. पलटणीचे जवान बूट घालून धावत होते, आमचे विणकर अनवाणी. आम्ही एका गोलाने पुढे होतो. शेवटी सारी पलटण मामांवर चालून आली. पन्नाशीचा माणूस, पिंढऱ्यांना गोणपाट बांधलेले. एक फटका पायावर घेतला, दुसरा छातीवर, तिसरा तोंडावर. चेंडू उडून बाहेर गेला. शिट्टी झाली. मी टाळ्या वाजवायचेही विसरलो.

“मेल्याला दारं अडवायची खोडच हाय,” आई म्हणाली. ती कधी वळून बसली होती, मला कळलेच नव्हते. मग कुणाचा तरी पाण्याचा तांब्या उचलून ती दोरीखालून थेट गोलापाशी गेली.

“लई लागलं का?”

मामांनी चूळ भरली. रक्त आले.

“फाटकावर लागलं हुतं त्येवढं न्हाय, अक्का.”

आई तांब्या रिकामा होईपर्यंत उभी राहिली.

मोंबासाला परतल्यावर पहिले पत्र मी मामांना लिहिले. त्यांना वाचता येत नव्हते, आईलाही नाही. कुणाकडून तरी दोघे एकत्र ऐकतील, म्हणून थोडक्यात लिहिले:

“जॉबरमामांना साष्टांग नमस्कार. परवा एकजण आपल्या पोराला घेऊन कचेरीच्या दारात आला. ‘याला हमालीवर लावा,’ म्हणाला. मी बापासाठी शब्द टाकला, पोरासाठी नाही. दारात पाय रोवून उभा राहिलो. त्याने पुष्कळ शिव्या दिल्या. पाय कापत होते, पण हललो नाही. तुमचेही तेव्हा कापले होते का? मला कळवू नका. आईला सांगा.”