सहाशे जबडे आणि सातवं वळण

“ओढायचं असेल तर आधी पाय टेकवा, डॉक्टर.”

आक्का हे वाक्य एकदाच बोलल्या होत्या, बारा वर्षांपूर्वी, आणि तेही दारातून. आत डॉक्टर एका लोहाराच्या दाढेशी झुंजत होते. डॉक्टर उंचीने बेताचे, पेडल बिघडल्यामुळे खुर्ची खाली येईना, आणि लोहार म्हणजे खुर्चीत मावता मावत नसलेला माणूस. डॉक्टर चवड्यांवर उभे राहून दाढ ओढत, आणि ओढली की दाढेऐवजी स्वतःच वर उचलले जात. आक्कांनी बाहेरून एक बुटकं लाकडी स्टूल आणलं, पायानेच डॉक्टरांच्या टाचांखाली सरकवलं आणि त्या निघून गेल्या. दाढ मिनिटभरात बाहेर आली. लोहाराने रक्त थुंकून विचारलं, “काढली कुणी, तुम्ही की ड्रायव्हरबाईंनी?”

स्टूल डॉक्टरांना पुढे बारा वर्षं पुरलं. वाक्य मात्र ते विसरून गेले.

त्यांचा दवाखाना चाकांवर होता. आरोग्य खात्याचा पांढरा ट्रेलर, आत एक खुर्ची, एक दिवा, दोन कपाटं आणि हात धुवायचं भांडं. तो गावोगाव ओढून नेणं हे आक्कांचं काम. मुळात ही नोकरी त्यांच्या यजमानांची. त्यांचा हात मोडला तेव्हा सहा आठवडे आक्कांनी गाडी चालवली. हात जुळला, पण गाडी परत मागायची यजमानांची हिंमत झाली नाही. ते स्वयंपाकघरात शिरले ते तिथेच रमले. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. लोक यजमानांना विचारत, काय हो, बायको गाडी चालवते आणि तुम्ही? ते म्हणत, मी तिला चालवतो. मग मागे वळून बघत, आक्कांनी ऐकलं की काय ते.

आक्का गाडीत बोलत नसत. त्यांचे कान इंजिनाकडे असत. डॉक्टरांना बडबडीची सवय. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांची तोंडं उघडी, उत्तर कसलं येणार? गाडीतही उत्तर नसेच. दोघांचं त्यामुळे छान जमे.

वसंतात जुना ट्रक मोडीत निघाला आणि खात्याने नवी डिझेल पिकअप दिली. निळी, गुळगुळीत, जुन्या ट्रकच्या दुप्पट ताकदीची. चारही चाकांना जोर देणारी महाग पडते म्हणून फक्त मागच्या चाकांना जोर देणारी घेतली होती, पण ताकद बघता कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आक्का तर तिच्या प्रेमातच पडल्या. छप्पन्न वर्षांच्या बाईला ते जरा लाजिरवाणं होतं, म्हणून त्या कुणाला कळू देत नव्हत्या. मागच्या हौद्यात त्यांनी जुनी रजई अंथरली आणि त्यावर बादलीसुद्धा ठेवू देईनात. डॉक्टर आपली बॅग मांडीवर घेऊन बसू लागले.

पहिल्याच आठवड्यात ही राणी सातव्या वळणावर बसली.

वरच्या वस्तीला जाणाऱ्या रस्त्याला अकरा वळणं. सातवं सगळ्यांत उभं, आणि वरून झऱ्याचं पाणी सुटी खडी घेऊन उतरतं. जुना ट्रक तिथून म्हाताऱ्यासारखा खोकत, पण न थांबता जाई. नवी पिकअप मधोमध पोचली, मागची चाकं खडीवर गरगरली, समोर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला, आणि इंजिन गप्प झालं. दमून नव्हे, कुणीतरी दटावल्यासारखं. आक्कांनी तीनदा प्रयत्न केला, मग ट्रेलरसकट उलट्या उतरल्या. पाठीमागे बघत सहा वळणं. डॉक्टरांनी तेवढा वेळ बॅग छातीशी धरली होती.

पुढच्या आठवड्यात तेच झालं. मग खात्याचं पत्र आलं. येत्या बुधवारी साहेब स्वतः सोबत येतील. दहाच्या आत दवाखाना वर पोचला नाही, तर वरची वस्ती फेरीतून वगळण्यात येईल. तिथल्या रुग्णांनी खाली यावं.

“येतायत,” डॉक्टर म्हणाले. “दाढेसाठी एवढं अंतर कोण उतरून येतं? दाराला दोरा बांधतील आणि दार आपटतील.” वस्तीवर चाळीस घरं होती. त्या चाळीस घरांतली तोंडं डॉक्टरांना घरच्या खोल्यांसारखी माहीत होती. कुठे काय पडलंय, कुठे काय हलतंय.

आक्कांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. तो लॅपटॉप घेऊनच आला.

“आक्का, कंपनीने इंजिनाला झोपेची गोळी देऊन पाठवलंय. मी फक्त उठवतो. अर्ध्या तासाचं काम. ताकद अशी वाढेल की ट्रेलर मागे आहे हेच विसराल.”

“आणि वॉरंटी?”

“वॉरंटी म्हणजे कागद. कागदाने चढ चढता येतो का?”

“कागदाने नोकरी जाते, भावजी.”

“तुमची बहीण म्हणते ते खरंय. तुम्हाला नवीन काही नकोच असतं.”

“तिला हवं होतं. म्हणून तर तुम्ही मिळालात.”

भावजी हसले आणि लॅपटॉप उघडू लागले. डॉक्टरही म्हणाले, “करून टाकू या ना, आक्का. खात्याला कोण सांगतंय?” बोलताना त्यांनी नजर दुसरीकडे ठेवली होती. इंजिनात हात घातल्याचं कधी उघडकीला आलंच, तर जबाब ड्रायव्हरला द्यावा लागेल, डॉक्टरला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आणखीही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, जी ते कुणाला सांगत नव्हते.

आक्का त्यांच्याकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, “ट्रेलरच्या मागच्या कपाटात काय असतं, डॉक्टर? किल्ली तुमच्याकडेच असते म्हणून विचारते.”

“कागदपत्रं,” डॉक्टर म्हणाले.

“बरं.” आणि भावजींना म्हणाल्या, “सोमवारपर्यंत थांबा.”

रविवारी सकाळी त्यांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. अंगणात ट्रेलर पिकअपपासून सोडवून उभा होता. त्याच्या पुढच्या टोकाखाली, जिथून तो गाडीला जोडला जातो तिथे, लाकडाचा ठोकळा होता आणि ठोकळ्याखाली बाथरूममधला वजनकाटा. पायरीवर यजमान मटार सोलत बसले होते. मांडीवर पिकअपचं माहितीपुस्तक.

“वाचा,” आक्का म्हणाल्या.

यजमान शाळेत उभं केल्यासारखे वाचू लागले. “चाकं घसरू लागल्यास गाडी आपोआप इंजिनाचा जोर कमी करते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडणीवर पडला पाहिजे.” मग स्वतःचं जोडलं, “मटार किडके निघालेत.”

“ट्रेलर साडेतेराशे किलोचा,” आक्का म्हणाल्या. “म्हणजे इथे एकशे पस्तीस हवेत. काटा बघा.”

डॉक्टर वाकले. काट्यावर एकोणीस होते.

“एवढी तर माझी नात आहे,” यजमान म्हणाले.

आक्का एरवी महिनाभरात बोलत नसत तेवढं एका दमात बोलल्या. “इंजिनात काही कमी नाही. ट्रेलर मागच्या बाजूला जड झालाय, त्यामुळे त्याचं नाक वर उठतंय, आणि त्या नाकाने माझ्या गाडीची शेपटी उचलून धरलीय. ओढणाऱ्या चाकांवर वजनच नाही. ती घसरतात, मग गाडीच इंजिनाला आवरते. भावजींनी आणखी जोर दिला तर आणखी घसरतील.”

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बारा वर्षांपूर्वीचा लोहार उभा राहिला. खाली त्याचं उघडं तोंड, वर आपण, चवड्यांवर, सगळा जोर लावून हवेत. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मागचं कपाट उघडलं.

आत दात होते. खालपासून वरपर्यंत, फळीवर फळी, प्लास्टरमध्ये ओतलेले वरचे आणि खालचे जबडे, तारेने एकत्र बांधलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. कवळी करताना, दात बसवताना जे साचे घेतले जातात, ते. काम झालं की वर्षा-दोन वर्षांनी फेकायचे असतात. डॉक्टरांनी बावीस वर्षांत एकही फेकला नव्हता.

“फेकवत नाही हो,” ते म्हणाले. “घर लहान घेतल्यापासून इथेच ठेवतोय. सहाशेच्या आसपास असतील.”

“दीडशे किलो तरी,” आक्का म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. पण त्या पिकअपच्या हौद्याकडे गेल्या आणि रजईची घडी घालू लागल्या. “चूक एकट्या तुमची नाही. जुन्या ट्रकच्या हौद्यात जॅक, साखळ्या, दोन जादा चाकं पडलेली असायची. त्यानेच तो दाबून बसायचा. हिच्यात मी बादली ठेवू दिली नाही.”

जादा चाकं आणि हत्यारांची पेटी हौद्यात चढली. ट्रेलरमधलं सुटं सामानही तिकडे गेलं. पेटीने निळ्या रंगावर हातभर ओरखडा काढला. आक्कांनी तो जरा वेळ पाहिला, अंगठा थुंकीने ओला करून एकदा घासला, आणि सोडून दिला.

मग जबडे अंगणात मांडले. सहाशे तोंडं उन्हात पसरली, ओठ नाहीत, चेहरा नाही, तरी प्रत्येक जण कसल्या तरी गोष्टीवर हसत असल्यासारखा. कुंपणापलीकडून शेजारीण बघून गेली आणि पुन्हा आली नाही. यजमान चहाची किटली घेऊन दारात थबकले. “इतके पाहुणे येणार हे आधी सांगायचं होतंस.”

डॉक्टर उकिडवे बसून एकेक उचलत होते. चिठ्ठी न बघता सांगत होते. “ही शाळेतली बाई, पेन्सिल चावायची. हा पोस्टमन, पुढचे दोन तिरके. त्या फटीतून शिट्टी वाजवायचा, की वस्तीला कळायचं पत्र आलंय.” त्यांचा आवाज हळू झाला. “हा गेला तीन वर्षांपूर्वी.”

“हा कुणाचा?” यजमानांनी एक उचलला. दात झिजून सपाट झालेले.

“आक्कांचा,” डॉक्टर म्हणाले. “रात्री दात खायच्या.”

“खायची कसली, गियर टाकायची,” यजमान म्हणाले. “मी कितीदा चौथ्यात जागा झालोय.”

आक्कांनी तो त्यांच्या हातातून घेऊन एप्रनच्या खिशात टाकला. “जिवंत आहेत त्यांचे त्यांना देऊन टाका. उद्या-परवा खालची गावं आहेतच. वरच्यांचे बुधवारी देऊ. तोवर त्यांचे खोके माझ्या हौद्यात.”

“आणि गेलेल्यांचे?”

असे एकशे चाळीस निघाले होते. डॉक्टरांनी ते वेगळे लावले होते, आणि त्यांच्या पुढे ते स्वतः बसले होते, कुणी उचलायला आलं तर आडवे पडू अशा बेताने.

आक्कांनी ट्रेलरच्या पुढच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे नाकाच्या वरच एक रिकामी फळी होती.

“त्यांना पुढे बसवा,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी एकेकाला कापडात गुंडाळून फळीवर बसवलं. शेवटी पोस्टमनला, कापडाशिवाय, काठाला. आक्कांनी पुन्हा काटा लावला. एकशे एकवीस. ट्रेलरही हलका झाला होता, म्हणजे हिशेब बरोबर बसला.

“मेलेली माणसं कामाला आली,” यजमान म्हणाले, आणि मटाराकडे गेले.

सोमवारी आणि मंगळवारी खालच्या गावांत जबडे वाटले गेले. न्हाव्याने आपला आरशापुढे ठेवला. एका आजींनी नवऱ्याचा जेवणाच्या टेबलावर मांडला आणि म्हणाल्या, हा तरी उलटून बोलत नाही. नवरा तिथेच बसला होता.

बुधवारी साहेब आले. कपड्यांना इस्त्री, मांडीवर फाइल, कानाला फोन. ते आक्कांच्या शेजारी बसले, डॉक्टर मागच्या सीटवर. पहिल्या वळणापासून साहेब फोनवर कुणाला तरी खुर्च्यांची ऑर्डर समजावून सांगत होते. सहावं वळण गेलं. डॉक्टरांनी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली. सातव्यावर खडी नेहमीसारखी ओली होती. आक्कांनी आधीच गियर खाली घेतला, आणि वाटेत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय ना आणखी दाबला ना उचलला. पिवळा दिवा एकदा लुकलुकला. डॉक्टरांनी डोळे मिटले. इंजिनाचा आवाज मात्र तसाच राहिला, जड, खालच्या पट्टीतला. डोळे उघडले तेव्हा आठवं वळण आलं होतं, आणि साहेब म्हणत होते, “हात असलेल्या नकोत, बिनहाताच्या पाठवा.” त्यांना कळलंही नव्हतं.

पावणेदहाला दवाखाना वस्तीच्या चौकात उभा राहिला. पहिला आला पाथरवट, खालची दाढ, आठवडाभर सुजलेली. डॉक्टरांनी भूल दिली, ती चढल्यावर ओढायला सुरुवात केली. दाढ दगडात रुतल्यासारखी होती. साहेब आत येऊन दाराजवळ उभे राहिले आणि फाइलमध्ये लिहू लागले.

“वरची वस्ती, फेरी कायम,” ते स्वतःशी वाचत म्हणाले. “बाकी गाडीने कमाल केली हं. मागच्या दोन खेपा जमलं नव्हतं ना? दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहू? इंजिनाचं मोठं काम काढलं होतं का?”

“इंजिनाचं नाही,” डॉक्टर म्हणाले. पुढे बोलायला दम उरला नव्हता. ते चवड्यांवर होते. पायांनी त्यांनी खाली चाचपलं. स्टूल जागेवर नव्हतं. रविवारी सुट्या सामानाबरोबर तेही हौद्यात गेलं होतं.

“मग ड्रायव्हरबाईंनाच विचारतो,” साहेब म्हणाले, कारण आक्का तेवढ्यात आत आल्या होत्या.

त्यांच्या हातात स्टूल होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि पायाने डॉक्टरांच्या टाचांखाली सरकवलं. डॉक्टरांचे तळवे टेकले, खांदे खाली आले, आणि पाथरवटाच्या तोंडात काहीतरी हललं. साहेब पेन उघडं धरून उत्तराची वाट बघत होते. आक्कांचं लक्ष पुढच्या फळीकडे होतं. वळणांवर पोस्टमन कलंडून शेजारच्याला टेकला होता. त्यांनी त्याला दोन बोटांनी सरळ बसवलं, आणि साहेबांच्या बाजूने वाट काढून बाहेर पडल्या.