पहिलं बोट

सारसोळ्याच्या रुतिका कोळीचा राग येऊन जाणाऱ्यातला नव्हे, मुक्कामाला राहणाऱ्यातला. गेली काही वर्षं तर तो एकाच माणसासाठी राहिला होता, तळोज्यातल्या कारखानदार प्रसादसाठी.

पूर्वी ती त्याच्याकडे पत्रा कापणारं लेसर मशीन सांभाळायची. एकदा पाहुण्यांपुढे मिरवायला प्रसादनं मशीन बंद करून लेसरची केबल सोडवली, तिच्या टोकावर बोट फिरवलं आणि तशीच परत बसवली. मशीन सुरू होताच सोर्स जळाला. आळ आला रुतिकावर. नोकरी गेली ती गेलीच, वर ‘सोर्स जाळणारी’ म्हणून एमआयडीसीभर नाव झालं.

सोर्स म्हणजे कपाटाएवढी पेटी. आत बारक्या डायोडांचा उजेड केसासारख्या काचेच्या तंतूत कोंडतात. तिथं तो बळावतो आणि केबलमधून कापणाऱ्या हेडपर्यंत जातो. केबलच्या टोकाला काचेचा ठोकळा असतो, त्यावर टोपी. बसवताना पंखे बंद करायचे, टोक खाली धरायचं, टोपी अगदी शेवटी काढायची. त्या काचेवर धुळीचा एक कण राहिला, तर पूर्ण ताकदीवर तोच पेटतो, काच तडकते, उलटा फिरलेला उजेड सोर्सही जाळतो आणि लाखाचे बारा हजार होतात.

आता प्रसादनं नवं मशीन घेतलं, ते नेमकं रुतिकाच्या नव्या कंपनीकडून. बसवायला जायचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं. या वेळीही तो काशी करणारच, पण चारचौघांदेखत करू दे, एवढंच तिला हवं होतं.

पूजेला प्रसादचे सासरे आणि दहा-बारा गिऱ्हाईकं जमली. केबल तेवढी जोडायची राहिली होती.

“टोपी काढ गं,” प्रसाद म्हणाला. “लेसरच्या तोंडालाच कुंकू लावू. डायरेक्ट आशीर्वाद!”

नको म्हणणं तिचं काम होतं. ती म्हणाली, “लावा ना साहेब. तुमच्याच हातानं लावा.”

सगळ्यांचे मोबाइल शूटिंग करत होते. रुतिकाच्या जिवाला कधी नव्हे तो थंडावा वाटला.

प्रसादनं चिमूट उचलली, तोच सासरे म्हणाले, “थांबा जावईबापू. आमच्यात नव्या वस्तूला पहिलं बोट लेकीबाळीचं. ही आहे की!”

ताट रुतिकाच्या हातात आलं. सगळे मोबाइल तिच्याकडे वळले. आता सोर्स जळाला तर पुन्हा तिच्याच नावावर, आणि तेही व्हिडिओसकट.

दातओठ खात तिनं टोपी न काढता तिच्यावरच बोट टेकवलं. “हेच तोंड हाय साहेब,” ती म्हणाली. मग टोपी पुसली, हात धुतले, पंखे बंद केले, काच साफ केली आणि केबल बसवली. पहिला पत्रा लोण्यासारखा कापला गेला. टाळ्या पडल्या.

प्रसाद गिऱ्हाइकांकडे वळला. “बघा, मागचा सोर्स हिनंच जाळला होता. आज मी स्वतः समोर उभा राहिलो, म्हणून नीट झालं.”

आरती सुरू झाली. रुतिकानं डोळे मिटून हात जोडले. याचं वाटोळं कर, असं एकवीरा आईला मनापासून साकडं घातलं आणि कोंबडंही कबूल केलं.