खोकल्याची खुर्ची

"आधी खिडकी, मंग तोंड!" दारव्ह्याच्या आमच्या बाजारओळीतले दातांचे डॉक्टर प्रत्येक रोग्याला हेच म्हणत आणि स्वतः उठून दोन्ही खिडक्या सताड उघडत. पौषातली थंडी असो की वैशाखातली झळ, त्याशिवाय चिमट्याला हात नाही. माझं शिंप्याचं दुकान शेजारच्याच गाळ्यात. मधली भिंत एकच, त्यामुळे रोग्यांच्या किंकाळ्या आणि डॉक्टरांचं हे पालुपद मला दिवसभर ऐकावं लागे.

छप्पन-सत्तावन्नचा काळ. क्षयाचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. डॉक्टर बिनधास्त घेत. "मास्तर, खोकल्यातून निघालेला रोग हवेत तरंगते. अन् मी तर दिवसभर लोकायच्या तोंडाशी नाक लावून बसतो." नाकातोंडावर बांधायला मलमलच्या चार पदरी पट्ट्या ते माझ्याकडूनच शिवून घेत. एकदा तांड्यावरची एक म्हातारी ती पट्टी पाहून खुर्चीतून उठलीच. "हा दात काढते का डाका घालते?" डॉक्टर इतके हसले की पट्टी सुटली. मग धुतलेली दुसरी बांधेपर्यंत म्हातारीला थांबवून ठेवलं.

खोकणाऱ्या रोग्यासाठी ओट्यावर वेगळी खुर्ची होती. बाकीचे रोगी आटोपले की डॉक्टर बाहेर येऊन मोकळ्या हवेत त्याचा दात काढत. माणूस शहाणा होता हो, पण आम्ही कुठे शहाणे? त्या खुर्चीवर बसलेला अख्ख्या बाजाराला दिसे आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नसे. म्हणून लोक खोकला लपवू लागले. तोंडात ज्येष्ठमधाची कांडी धरायची आणि आत जायचं.

मीही तेच केलं.

धाकट्या बहिणीला पाहायला पुसदची मंडळी यायची होती, आणि आठ दिवस आधी दाढेनं तिचा गाल सुजला. खोकत तर ती दोन महिन्यांपासून होती. आई रडकुंडीला आली. "ओट्यावर बसवशीन तर पोरगी जन्माची घरात राहीन रे!"

डॉक्टरांनी विचारलं, "खोकला?"

"छे हो!" मी छातीठोक सांगितलं. वर बाजाराचा दिवस आहे, पोर लाजते, म्हणून खिडक्याही लावून घ्यायला लावल्या. शेजाऱ्याचा शब्द म्हणून त्यांनी लावल्या. दाढ मुळाशी मोडली. त्या बंद खोलीत पाऊण तास गेला आणि शेवटी पोरीला ढास लागलीच. थांबेचना. मी मान खाली घातली. डॉक्टर तिला म्हणाले, "रक्त घशात गेलं असन. थुंक माय, भेऊ नोको."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. "तिले यवतमाळले नेऊन छातीचा फोटो काढा. लग्न थांबते, हे थांबत नाही." बस, एवढंच. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी काकाच्या सुतकाचं, मग आणखी कसलं कसलं निमित्त काढून आम्ही सोयरीक लांबवली. दीड वर्ष इंजेक्शनं झाली, बहीण ठणठणीत झाली, पुसदलाच नांदायला गेली. आणि भिंतीपलीकडून मला खोकला ऐकू येऊ लागला. डॉक्टरांना साखरेचा आजार होता, औषध लागेना.

त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर होते. मी पाय धरायला वाकलो तर ओरडले, "वाऱ्याच्या वरच्या बाजूले उभे राहा, मास्तर!"

"डॉक्टरसाहेब, माझ्यामुळे झालं हे."

"कायले जिवाले लावून घेता? हजारो तोंडं पाह्यली मी." धाप लागली म्हणून थांबले. "पोरगी खुशीत हाये ना?"

"आहे."

"मंग झालं तर."

आठवड्याभरात ते गेले.

बहीण पहिलं बाळ घेऊन माहेरी आली तेव्हा तिनं आधी त्यांच्या दाराला कुलूप पाहिलं. ते गेल्याचं तिला पत्रातून कळलं होतं. "दादा, कशानं गेले रे ते?"

"तापानं," मी म्हणालो.

बाळाला कडेवर घेऊन ती माझ्या दुकानात रडत राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मशीन चालवत राहिलो. सुईत दोरा नव्हता.