पडद्याआडून दिलेला विस्तव

श्रावण वद्य तृतीया, मंगळवार, सकाळचे साडेदहा. हमीदाबींच्या साठीनिमित्त हा ग्रंथ काढणाऱ्या समितीचे अध्यक्ष माझ्या ओसरीवर बसून, माझाच चहा पीत म्हणाले, "बाई, त्या गोषातल्या. व्यासपीठावर काय यायच्या न्हाईत. शाल त्यांच्या वकील मुलाला देऊन टाकू. घरात बसून त्यांनी काय केलं, ते तुम्ही चार ओळींत लिहा."

"साठ वर्षं कुणाला झाली? मुलाला की आईला?" मी विचारलं.

अध्यक्षांनी बशी खाली ठेवली आणि टोपी घातली. म्हणून चार ओळींऐवजी हे सगळं लिहिते आहे, आणि सांगण्यासारखं इतकं आहे की हात थांबत नाही.

कॉन्व्हेंटात शिकून मी मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून जळकोटला आले. पहिल्याच सकाळी काडेपेटी सादळलेली. शेजारणीनं समोरचं दार दाखवलं, "तिथं विस्तव मिळतो." मी आपली चिनी मातीची बशी घेऊन गेले. पडद्याआडून बांगड्यांनी भरलेला हात आला. चिमट्यात लाल निखारा. तो पडताच बशीचे दोन तुकडे झाले. आतून हसू फुटलं. "अगे मास्तरीणबाई, बशी में चाय पीते, आंगार नै लेते." मग त्याच हातानं एक खापर, म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, पुढं केला. त्यात राखेची गादी, तिच्यावर निखारा, वर पुन्हा राख. "आता घरापर्यंत जिता राहील," हमीदाबी म्हणाल्या. ते खापर आजही माझ्या चुलीपाशी आहे.

लढाईच्या वर्षांत काडेपेट्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा तर अख्खी गल्ली सकाळी त्या पडद्यापाशी उभी असे. अमावस्येला विस्तव दिला तर घरची बरकत जाते, असं आपल्याकडे मानतात. त्यांच्या सासूबाईही मानत. हमीदाबींनी त्यांना अदबीनं सांगितलं, "अम्मा, बरकत कोंडली तर नुसता धूर होतो." त्या अमावस्येलाही चिमटा बाहेर आला.

आमच्या कुलकर्णीकाकू सोवळ्याच्या. खापर पुढं करताना स्वतःलाच ऐकवत, "विस्तवाला विटाळ नसतो." एकदा आतून आवाज आला, "मग चुलीपाशीच बसा की काकू, तिथं तर लई विस्तव हाय." काकू हसल्या आणि बसल्या. पुढं तर त्यांना उठवावं लागे.

पण हमीदाबींची खरी करामत वेगळीच. विस्तव न्यायला आलेल्या बाईला त्या फक्त विस्तव देऊन सोडत नसत. एका हातात खापर, दुसऱ्या हातात झाकलेलं भांडं. ते वाटेवरच्या कुठल्या तरी घरी पोचवायचं आणि कुणी दिलं ते सांगायचं नाही. कुठं बाळंतिणीला खीर, कुठं म्हाताऱ्याला मऊ भात. त्यांनी उंबरा ओलांडला नाही, पण त्यांच्यासाठी गल्लीतला प्रत्येक पाय चालला. मीही चालले आहे, शाळेच्या घंटेला उशीर करून.

सोनाबाई मागच्या आळीत राहायच्या. विधवा, कडेवर लहान मुलगी. एका सकाळी मी खापर पुढं केलं तर हमीदाबी म्हणाल्या, "सोनाचं खापर आज आलं नै. काल सांजलाबी नै. जाताना जरा डोकावता?" मी गेले. चूल थंड, सोनाबाई हिवतापानं फणफणलेल्या आणि पोरगी त्यांच्या पदरात तोंड खुपसून निजलेली. उठवलं तेव्हा सोनाबाई पुटपुटल्या, "कुणाला सांगू न्हका बाई." मी एकाच घरी सांगितलं. त्या उठून बसेपर्यंत त्यांची चूल गल्लीनं पेटवली. रोज निराळी बाई, रोज निराळं भांडं. आज ती पोरगी माझ्या शाळेतून शिकून बाहेर पडली आहे, आणि सोनाबाई स्वतः भांडी पोचवतात.

घरात बसून काय केलं, ते हे.

शालीचं मी खुद्द हमीदाबींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोराला द्या, काय बिघडतं?" पीठ मळत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "पर मेरे हाथ में दिए तो अच्छा लगता."

समितीकडे माझं मागणं एवढंच. शाल हमीदाबींच्याच अंगणात, सकाळी चूल पेटलेली असताना, बायकांच्या हातून त्यांच्या हाती द्यावी. पुरुषांनी गल्लीत उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, वकीलसाहेबांनीही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत अध्यक्षांच्या सहीचं लेखी उत्तर माझ्या हाती पडलं पाहिजे. तोंडी निरोप चालणार नाही, चहा तर मुळीच मिळणार नाही. उत्तर आलं नाही, तर घटस्थापनेच्या सकाळी अख्ख्या गल्लीच्या बायका खापरं घेऊन अध्यक्षांच्या दारात विस्तव मागायला येतील. पुढं कुलकर्णीकाकू असतील.

हमीदाबींना उदंड आयुष्य लाभो, डोळ्यांना धूर न लागो, गुडघे न दुखोत, आणि पडद्याआडचा तो हात आमच्या नातींनाही निखारा देवो. शाल त्याच हातात पडली पाहिजे.