संकटांची उजळणी

स्वतः शांत राहून इतरांचा जीव टांगणीला लावण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. हमरापूरला त्यांचा गणपतींचा कारखाना. बाकीची कामं कारागीर करतात, पण डोळ्यांची आखणी साडूभाऊंचीच. त्यांचा ब्रश टेकला की मातीचा देव समोरच्याकडे बघायला लागतो. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर त्यांना स्टोइक नावाचे जुने ग्रीक तत्त्वज्ञ भेटले आणि विवेक, धैर्य, संयम, न्याय हे चार पाहुणे घरात कायमचे मुक्कामाला आले. संयमापायी आल्यागेल्यालाही बिनसाखरेचा चहा मिळू लागला. न्याय म्हणून मटणातली नळी आळीपाळीने वाटली जाऊ लागली. एकदा लग्नाला निघालो आणि वडखळच्या नाक्यावर अडकलो. मी हॉर्नवरून हात काढेना, तर हे डोळे मिटून म्हणाले, “रस्ता आपला नाय, साडू. राग आपला हाय.” अक्षता हुकल्या, जेवण थोडक्यात वाचलं.

पण खरा कहर म्हणजे सकाळची उजळणी. दिवसभरात काय काय वाईट घडू शकेल ते आधीच मनात आणायचं, म्हणजे घडलं तरी मन डळमळत नाही, असं त्यांचं शास्त्र. मनात आणून थांबले असते तर ठीक होतं. हे चहा पिता पिता मोठ्याने सांगत. आज मूर्तीला तडा जाईल, टेम्पो कलंडेल, साडू रोह्याला घरी परतताना रेल्वेतून पडेल. कारागीर धावत जाऊन मूर्ती चाचपत. माझ्या बायकोने मला महिनाभर रेल्वेत चढू दिलं नाही. हे मात्र पोटभर न्याहारी करून कामाला बसत.

गेल्या श्रावणात ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मानेत गाठ आली. तुकडा तपासणीला गेला. रिपोर्ट यायचा त्या दिवशी ताई माझ्या बायकोला घेऊन पेणला डॉक्टरांकडे गेल्या. साडूभाऊ म्हणाले, रिपोर्ट काही आपल्या हातात नाही, आखणी आहे, ती करतो. सोबतीला मी राहिलो. त्या सकाळी त्यांनी चहा मुकाट्याने प्यायला होता. उजळणी नाही. ती ऐकताना मला एवढी भीती कधीच वाटली नव्हती.

दुपारपर्यंत अकरा मूर्तींचे डोळे झाले. रेघ न् रेघ साफ. मी कौतुकाने समोर उभा राहिलो, तर एकही गणपती माझ्याकडे बघेना. सगळ्यांची बुबुळं किंचित डावीकडे, दाराकडे सरकलेली. मी म्हटलं, “साडूभाऊ, जरा मागं सरून बघा.”

ते बघत राहिले. मग ब्रश खाली ठेवला.

“सगल्याची तयारी केली, साडू,” ते म्हणाले. “ही नसली तं काय, याची नाय झाली.”

पेणला फोन लावायचं धाडस दोघांनाही होईना. तासाभराने रिक्षा थांबली. ताई उतरल्या, गाठ साधी निघाली होती. दारात उभं राहून त्यांनी आधी मूर्तींकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

“अवं, येवढे जण माझी वाट बघत बसलाव व्हय?”

दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी दहा मूर्तींची बुबुळं सरळ केली. अकरावी तशीच ठेवली; विकली नाही, घरीच बसवली. विसर्जनाला आम्ही ती उचलली, तेव्हा साडूभाऊ तिच्याकडे बघत दार अडवून उभे होते. वाट द्या म्हणून ताईंनी दोनदा सांगितलं, तरी बाजूला होईनात.