जेवण तयार होईपर्यंत

पाळकसाहेब बोलायला वाईट नव्हते, फक्त थांबत नसत. प्रवचनात "आता शेवटचं एकच सांगतो" असं ते म्हणाले, की जुनी मंडळी पाय लांब करून नीट टेकून बसायची. खरं प्रवचन तिथून पुढे सुरू व्हायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्यांची बदली झाली होती. याच चर्चच्या मंडळीत त्यांचे काळ्याचे पांढरे झाले होते, लेक इथेच लहानाची मोठी होऊन सासरी गेली होती. निरोपाच्या रविवारी झग्याची कॉलर नीट करून देताना पाळकबाईंनी त्यांना बजावलं, "आज आटोपतं घ्या हं. मागे लोकांना तुमची आठवण यायला हवी. सुटलो बाबा, असं वाटायला नको."

"दहा मिनिटांत उरकतो."

"तुमच्या मिनिटांनी की घड्याळाच्या?"

हे साहेबांना लागलं. आणि त्यांनी खरोखरच करून दाखवलं! उभे राहिले, आभाराचे चार शब्द बोलले, "आमेन" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

कोणाचा विश्वासच बसेना. पेटीवाल्या मावशींनी अजून गीतांचं पुस्तकही उघडलं नव्हतं. दुसऱ्या बाकावर सुतारकाकांचा नुकताच डोळा लागला होता, ते त्या शांततेनं दचकून जागे झाले. "काय झालं? कोण गेलं?"

तेवढ्यात मागच्या दारातून सचिव धावत आले. पेशानं चष्मेवाले, एरवी पाऊलसुद्धा काच फुटेल अशा बेतानं टाकणारे. ते साहेबांच्या कानाला लागले. "साहेब, उठा, बोला!"

"अहो, झालं की बोलून."

"झालं कसं? सिस्टरनं तुमच्या अंदाजानं आत्ता कुठे आधण ठेवलंय!"

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. चर्चच्या स्वयंपाकघरात त्यांचा शब्द शेवटचा. साहेबांनी पाळकबाईंकडे पाहिलं. त्या एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

साहेब पुन्हा उभे राहिले आणि पंचाईत अशी झाली, की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचेना. नजर इकडेतिकडे फिरत सुतारकाकांवर येऊन थांबली.

"सुतारकाका, तुमचे आभार राहिलेच. मी नवीन होतो तेव्हा या व्यासपीठाची फळी तुटली आणि मी कमरेपर्यंत आत गेलो. तुम्ही मला ओढून काढलंत आणि लोकांना सांगितलंत, साहेब गुडघे टेकून प्रार्थना करत होते."

हशा पिकला. काका ओशाळून म्हणाले, "साहेब, पण नंतर मी झोपायचो, ते..."

"त्याचेही आभार. लेक आजारी होती त्या वर्षी मला झोप म्हणून लागायची नाही. रविवारी तुम्हाला घोरताना पाहिलं, की वाटायचं, आपल्या बोलण्यानं एका माणसाला तरी आराम पडतोय."

मग त्यांची गाडी पेटीवाल्या मावशींकडे वळली. "मावशींनी एका लग्नात चुकून मयताचं गीत धरलं होतं..."

"पानं चिकटली होती!" मावशी कडाडल्या. "आणि तुम्ही त्याच लग्नात नवरीऐवजी तिच्या आईचं नाव घेतलंत, ते सांगा की!"

झालं! ज्याला त्याला काहीतरी आठवायला लागलं. इकडून एक बोलतोय, तिकडून दुसरा, आणि साहेब मधे उभे राहून ऐकताहेत. हसणं जरा ओसरलं, तसा शेवटच्या बाकावरचा बसड्रायव्हर उठला. हा माणूस चर्चमध्ये कधी तोंड उघडायचा नाही.

"माझे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते," तो म्हणाला. "भेटायची वेळ संपली, पहारेकरी आम्हाला बाहेर काढायला आला. पण साहेबांची प्रार्थना चालू होती, ती काही संपेना. डोळे मिटलेल्या माणसाला तो बिचारा कसा हटकणार? टोपी काढून उभा राहिला. तेवढा वेळ मला वडिलांचा हात धरून बसता आलं." एवढं बोलून तो खाली बसला.

पाळकबाईंनी पर्समधला रुमाल काढला. 

तेवढ्यात दारात सिस्टर हजर, हातात डाव. "जेवण केव्हाचं तयार आहे! खाली लागायला आलंय! आता उठताय की नाही?"

"सिस्टर, दोनच मिनिटं," सचिव म्हणाले.

"तुम्हालाही यांचीच सवय लागली वाटतं!"

अखेर सगळे हॉलमध्ये जेवायला बसले. सिस्टरनी पहिलं ताट साहेबांना वाढलं. साहेबांनी एक घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शेजारी बसलेल्या सुतारकाकांनी ते पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "सिस्टरनं आज तिखट जास्त टाकलंय हं!"

"काय म्हणालात?" सिस्टर डाव उगारून आल्या. "तिखट? माझ्या हातच्या जेवणात?"

मग त्यांचं साहेबांकडे लक्ष गेलं. त्यांनी डाव खाली केला, पाण्याचा पेला साहेबांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाल्या, "हो, आज जरा हात सैलच पडला."