पेटीतली पानं

आंब्याची पेटी उघडली आणि पेंढ्याचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं.

मी तेव्हा सातवीत होते. चित्रकथांची पुस्तकं ट्रंकेत जपायचे आणि पावसाळ्याआधी त्यांना ऊन दाखवायचे. त्या मे महिन्यात ती अंगणात चटईवर पसरून मी विहिरीवर गेले. परत येते तर बाबा मुंबईच्या काकांसाठी पेटी भरत होते. खाली पेंढा, त्यावर कागद, मग आंबे. माझ्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाचं कव्हर आणि शेवटचं पान तेवढं चटईवर उरलं होतं.

"बाबा, माझं पुस्तक!"

"अगो, रद्दी संपली होती. आणि वाचून झालंय ना तुझं?" म्हणत बाबांनी पेटीवर खिळा ठोकला.

गणपतीत काका आले. "एकही आंबा डागला नाही रे," असं बाबांना कौतुकाने म्हणाले. त्यांच्या मुलीने मला कोपऱ्यात नेऊन पिशवीतून पानं काढली. सगळी होती, इस्त्री केलेली. मी आनंदाने हात पुढे केला.

"ही माझी आहेत," ती म्हणाली. "शेवटचं पान तुझ्याकडे आहे ना? ते दे."

नाही दिलं. गोष्ट अजून तिच्याकडे आहे, शेवट माझ्याकडे, आणि दोघींनाही आता नातवंडं आहेत.